मुलांचे दात, मुलांचे पोट आणि आपले जुने ताट

लहान आतड्याचे आतले अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवे होते. दातावरचे इनॅमल, म्हणजे बाहेरचे कठीण आवरण, मात्र आयुष्यात एकदाच तयार होते आणि दात हिरडीबाहेर येईपर्यंत ते घडवणाऱ्या पेशी नाहीशा झालेल्या असतात. मुलांच्या आहाराविषयी काहीही बोलताना हा फरक आधी लक्षात घ्यावा लागतो. बिघडलेले पोट योग्य खाण्याने काही आठवड्यांत सुधारू शकते, कारण तिथे दुरुस्तीला जिवंत पेशी हजर असतात. किडलेल्या दाताला पडलेले भोक मात्र नाचणीने, तुपाने किंवा हाडांच्या सूपाने भरून येत नाही, मग तसे कोणी कितीही ठामपणे सांगो. तरीही दात आणि पोट या दोघांच्या दृष्टीने आपल्या जुन्या जेवणात घेण्यासारखे पुष्कळ आहे. माझे मत आधीच नोंदवलेले बरे: त्या जेवणाचा गुण एखाद्या खास पदार्थात शोधण्यापेक्षा ते ताट कधी वाढले जाई, त्यात काय नसे आणि दोन ताटांमध्ये किती वेळ जाई, यात शोधावा.

दात का किडतो

दातांवर जिवाणूंचा एक चिकट, पातळ थर सतत जमत असतो. त्यात स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्ससारखे काही जिवाणू असे असतात, की ते साखर मिळताच तिचे आम्लात रूपांतर करतात. इनॅमल हे मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट यांच्या स्फटिकांचे बनलेले असते. दाताच्या पृष्ठभागावरचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ५.५ च्या खाली गेला की हे क्षार दातातून बाहेर पडू लागतात. लाळ हळूहळू ते आम्ल निष्प्रभ करते आणि तिच्यातले कॅल्शियम व फॉस्फेट दाताला परत मिळते. रॉबर्ट स्टीफन या अमेरिकी संशोधकाने १९४० च्या दशकात या चढउताराचे मोजमाप केले. साखर तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच सामू झपाट्याने खाली येतो, आणि तो पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागतो, असे त्यातून दिसले.

म्हणजे दाताची झीज आणि भरपाई ही दोन्ही कामे दिवसभर आलटून पालटून चालू असतात, आणि प्रश्न असतो तो कोणते काम अधिक वेळ चालते याचा. एखादे मूल सकाळी सात वाजता साखर घातलेले दूध पिते, आठ वाजता बिस्कीट खाते, दहाच्या सुट्टीत जॅम लावलेला पाव खाते, बारा वाजता जेवते, दोन वाजता चॉकलेट चघळते, चार वाजता फळांच्या रसाचे खोके संपवते आणि झोपताना पुन्हा गोड दूध घेते. या मुलाने एकूण साखर फार खाल्ली नसेलही, पण त्याच्या दातांना भरपाईसाठी सलग वेळ मिळालेलाच नसतो. ही तूट महिनोन्‌महिने चालू राहिली, की प्रथम हिरडीच्या कडेला खडूसारखे निस्तेज पांढरे डाग दिसू लागतात. इथपर्यंतची हानी उलटवता येते. पुढे वरचा थर ढासळून खड्डा पडतो, आणि तिथून पुढचे काम दंतवैद्याचे असते.

साखरेच्या प्रमाणापेक्षा ती किती वेळा आणि कोणत्या रूपात खाल्ली जाते याला अधिक महत्त्व आहे, हे दाखवणारा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग स्वीडनमधील लुंड येथे विपेहोल्म नावाच्या रुग्णालयात १९४५ पासून पुढे काही वर्षे झाला. मतिमंद रुग्णांना त्यांच्या संमतीविना मुद्दाम चिकट टॉफ्या खाऊ घालून तो केला गेला, त्यामुळे आजच्या कोणत्याही नैतिक कसोटीवर तो उतरणार नाही, आणि त्याचा दाखला देताना हे सांगितलेच पाहिजे. त्यातून असे निष्पन्न झाले, की जेवणासोबत भरपूर साखर घेणाऱ्यांच्या दातांत कीड फारशी वाढली नाही. दोन जेवणांच्या मधल्या वेळात चिकट टॉफी खाणाऱ्यांची कीड मात्र भराभर वाढली, आणि टॉफी बंद करताच तिचा वेग पुन्हा खाली आला.

मराठी पंगतीतले ताट या निष्कर्षासमोर ठेवून पाहावे. श्रीखंड असो वा पुरणपोळी, गोड पदार्थ ताटातच वाढला जातो, भात, वरण, भाजी, कोशिंबीर यांच्या सोबतीने खाल्ला जातो आणि शेवट बहुधा ताकभाताने होतो. ताक आंबट असले तरी त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट इतके असते, की इनॅमलची झीज होत नाही; लिंबू सरबत किंवा बाटलीतील शीतपेय यांबाबत असे म्हणता येत नाही. शिवाय जेवताना चावल्यामुळे लाळेचा ओघ सर्वाधिक असतो, त्यामुळे साखर तोंडात जायचीच असेल तर ती याच वेळी जावी. हे कोणी दातांचा विचार करून ठरवले असेल असे वाटत नाही. साखर महाग होती, गोडधोड सणावारी होई आणि मधल्या वेळी खायला काही तयार नसे. दातांना त्याचा फायदा आपोआप झाला.

पोटालाही मोकळा वेळ लागतो

दोन खाण्यांमधल्या अंतराचा फायदा केवळ दातांपुरता नाही. पोट रिकामे असताना जठर आणि लहान आतड्यातून साधारण दीड ते दोन तासांच्या अंतराने आकुंचनाची एक जोरदार लाट वरून खाली जाते आणि उरलेसुरले अन्नाचे कण व जिवाणू पुढे ढकलते. काहीही खाल्ले, की ही लाट थांबते. जे मूल दर तासाला काही ना काही तोंडात टाकते त्याच्या आतड्याला ही साफसफाई करण्याची संधी मिळत नाही आणि जेवणाच्या वेळी त्याला भूकही नसते. मग आई-वडील म्हणतात, ‘हा जेवतच नाही’, आणि काळजीपोटी पुन्हा काहीतरी हातात देतात. हे चक्र बहुतेक घरांत ओळखीचे असेल.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. अंतर ठेवणे म्हणजे मुलाला उपाशी ठेवणे नव्हे. स्तनपान करणाऱ्या तान्ह्या बाळाला हा नियम लागूच होत नाही. त्याला मागेल तेव्हा पाजायचे असते. दोन-तीन वर्षांच्या मुलाचे जठर लहान असते, त्यामुळे त्याला दिवसातून पाच वेळा तरी खावे लागते. शाळकरी मुलासाठी न्याहारी, दुपारचे जेवण, चार-पाच वाजताचे खाणे आणि रात्रीचे जेवण एवढे पुरते, आणि मधल्या वेळेत फक्त पाणी. या चार वेळांपैकी सकाळची वेळ पोटासाठी विशेष महत्त्वाची असते. अन्न जठरात पोहोचताच मोठ्या आतड्याला हालचालीचा संदेश जातो, आणि सकाळी हा प्रतिसाद जोरात असतो. म्हणून न्याहारीनंतर मुलाला दहा मिनिटे निवांत शौचाला बसू दिले तर पोट साफ होण्याची शक्यता सर्वाधिक असते. शाळेच्या गाडीच्या घाईत नेमकी हीच दहा मिनिटे गमावली जातात.

बद्धकोष्ठतेबद्दल थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण लहान मुलांच्या पोटाच्या तक्रारींत ती फार मोठ्या प्रमाणात आढळते आणि तिचे स्वरूप पालकांच्या बहुधा लक्षात येत नाही. एकदा कडक शी होताना दुखले, की मूल घाबरते आणि पुढच्या वेळी ती रोखून धरते. रोखलेल्या मळातले पाणी आतडे शोषून घेते, तो अधिक कडक व मोठा होतो, पुन्हा दुखते आणि मूल आणखी रोखते. शाळेतले स्वच्छतागृह अस्वच्छ असेल तर दिवसभर रोखून धरण्याची सवय तिथेच लागते. असे बरेच दिवस चालले, की साठलेल्या कडक मळाच्या बाजूने पातळ मळ पाझरून कपडे खराब होतात आणि घरचे लोक त्याला जुलाब समजून चुकीचा उपाय करतात. या टप्प्यावर केवळ पेरू आणि भाकरी देऊन भागत नाही. बालरोगतज्ज्ञ शी मऊ करणारे औषध देतात आणि ते काही आठवडे, कित्येकदा काही महिने चालू ठेवावे लागते. त्याची सवय लागेल या भीतीने ते मध्येच थांबवणे हे त्रास पुन्हा उद्भवण्याचे नेहमीचे कारण असते. पाश्चात्त्य पद्धतीच्या कमोडवर बसणाऱ्या लहान मुलाचे पाय लोंबकळत राहतात, म्हणून पायांखाली पाट किंवा छोटे स्टूल द्यावे.

तंतुमय पदार्थांचा, म्हणजे ज्याला आपण चोथा म्हणतो त्याचा, इथे दुहेरी उपयोग होतो. त्यातला काही भाग पाणी धरून ठेवतो आणि मळ मऊ राहतो. दुसरा भाग मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी लहान मेदाम्ले तयार होतात, जी मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन आहेत. मुलाच्या वयात पाच मिळवले की दिवसाला किमान किती ग्रॅम चोथा हवा याचा ढोबळ अंदाज येतो, असा एक जुना आणि सोपा नियम बालरोगतज्ज्ञ वापरतात. पाच वर्षांच्या मुलाला त्या हिशेबाने दहा ग्रॅम लागतील. ज्वारीची चाळीसेक ग्रॅम पिठाची एक भाकरी सुमारे चार ग्रॅम देते, मटकीची लहान वाटीभर उसळ तीन-चार ग्रॅम देते, आणि सालीसकट एक लहान पेरू उरलेली गरज भागवून वर काही शिल्लक ठेवतो. मैद्याची बिस्किटे, खारी, टोस्ट, पाव आणि नूडल्स यांवर दिवस काढणाऱ्या मुलाला हा आकडा गाठणे जवळजवळ अशक्य असते.

दुधाचा अतिरेकही अनेकदा याच तक्रारीच्या मुळाशी असतो. दूध उत्तम अन्न आहे, पण दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दूध पिणाऱ्या दोन-तीन वर्षांच्या मुलाचे पोट दुधानेच भरते, त्यात चोथा अजिबात नसतो आणि लोह नगण्य असते. अशा मुलांमध्ये बद्धकोष्ठता आणि रक्तक्षय दोन्ही एकत्र दिसतात. थोडे दूध कमी करून त्याजागी दही, ताक आणि खरे जेवण आणले, की भूक परत येते. दही लावताना जिवाणू दुधातल्या लॅक्टोज या साखरेचा काही भाग वापरून टाकतात, त्यामुळे दूध न मानवणाऱ्या पुष्कळ मुलांना दही मानवते.

जुन्या आहाराचा पुरावा किती

पारंपरिक आहार आणि दात यांच्या संबंधाबद्दल जगभर जे लिहिले जाते त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा वेस्टन प्राइस या अमेरिकी दंतवैद्याचे काम असते. १९३० च्या दशकात त्याने स्वित्झर्लंडमधील लोट्शेनतालसारख्या दुर्गम खोऱ्यांत आणि इतर अनेक खंडांत फिरून लोकांचे दात तपासले. राय या धान्याचा पाव, चीज आणि दूध यांवर राहणाऱ्या डोंगराळ गावांत किडलेले दात थोडे होते. पांढरा मैदा, साखर आणि जॅम जिथे पोहोचले तिथे ते खूप होते. निरीक्षण मोलाचे होते. परंतु या फरकाचे श्रेय त्याने मुख्यतः जुन्या अन्नातल्या विशेष जीवनसत्त्वांना दिले, आणि ते त्याच्या पुराव्यातून निघत नाही, कारण नव्या अन्नासोबत साखरही तिथे आली होती. आजही काही लोक लोणी किंवा यकृत खाल्ल्याने दात बरे होतात असे सांगतात, ते या निष्कर्षाच्या आधारावर.

याहून अधिक सांगून जाते ते ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समधल्या बौरल गावच्या होपवूड हाउस या बालगृहाचे उदाहरण. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू झालेल्या या संस्थेत मुलांना संपूर्ण गव्हाचा पाव, कच्च्या व शिजवलेल्या भाज्या, फळे, दूध आणि सुकामेवा असा शाकाहार मिळे. साखर आणि मैदा जवळजवळ नसे. तिथल्या पाण्यात फ्लोराइड फारसे नव्हते आणि मुलांची दात घासण्याची सवयही काही आदर्श नव्हती. तरीही त्यांच्या दातांत कीड सरकारी शाळांतल्या मुलांच्या मानाने फारच कमी आढळली. मोठी झाल्यावर ती मुले संस्था सोडून बाहेरचे नेहमीचे अन्न खाऊ लागली, तेव्हा त्यांचे दातही इतरांसारखेच किडू लागले. म्हणजे लहानपणच्या उत्तम आहाराने दाताला आयुष्यभराचे कवच मिळाले नव्हते. तो आहार चालू होता तोवरच संरक्षण होते. दक्षिण अटलांटिकमधल्या ट्रिस्टन द कुन्हा या एकाकी बेटावरही असेच घडले. बटाटे, मासे, दूध आणि अंडी यांवर जगणाऱ्या बेटकऱ्यांचे दात १९३० च्या दशकात डॉक्टरांना आश्चर्य वाटावे इतके चांगले होते, आणि बेटावर दुकानातील साखर व मैदा नियमित येऊ लागल्यावर पुढच्या पिढीत ते झपाट्याने बिघडले.

आपल्याकडच्या जुन्या काळाचे गोडवे गातानाही हात आखडता घ्यावा. पूर्वीच्या गरीब घरात भाकरी आणि चटणीखेरीज फारसे काही नसे, दूध असेलच असे नाही, आणि मुडदूस, रातांधळेपणा व रक्तक्षय घरोघरी होते. जुन्या ताटातून आज घ्यायचे ते त्यातले धान्य, डाळी, भाज्या, ताक आणि वेळापत्रक. त्यातली टंचाई घ्यायची नाही.

दात घडताना काय लागते

दात तोंडात येण्याच्या पुष्कळ आधी घडू लागतात. दुधाच्या दातांचे इनॅमल गर्भावस्थेच्या चौथ्या महिन्याच्या सुमारास तयार व्हायला लागते. पहिली कायमची दाढ जन्माच्या आसपास घडू लागते आणि तिचा वरचा भाग तिसऱ्या वर्षापर्यंत पूर्ण होतो, जरी ती तोंडात दिसते सहाव्या वर्षी. अक्कलदाढा सोडल्या तर बाकीच्या कायमच्या दातांचे इनॅमल आठव्या वर्षापर्यंत तयार झालेले असते. या काळात आईला किंवा मुलाला ‘ड’ जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि प्रथिने कमी पडली, किंवा मुलाला मोठे आजारपण आले, तर इनॅमल पातळ किंवा खाचखळग्यांचे होते, आणि असा दात पुढे लवकर किडतो.

१९२० च्या दशकात इंग्लंडमधील शेफील्ड येथे मे मेलनबी यांनी मुलांच्या आहारात ‘ड’ जीवनसत्त्व वाढवून पाहिले, तेव्हा कीड पसरण्याचा वेग मंदावला. काही मुलांच्या दातातला मऊ झालेला किडका भाग कडकही झाला. या कामाचा आधार घेऊन आहाराने दात भरून येतो असा दावा वारंवार केला जातो, म्हणून नेमके काय घडले ते लक्षात घ्यावे: कीड थांबली, पृष्ठभाग कडक झाला, गेलेला भाग परत आला नाही. ‘ड’ जीवनसत्त्व अन्नातून फार थोडे मिळते, त्वचेवर पडणाऱ्या उन्हातून अधिक मिळते, आणि सदनिकेत व शिकवणीच्या वर्गात दिवस काढणाऱ्या आपल्या मुलांमध्ये त्याची कमतरता सर्रास दिसते. तान्ह्या बाळांना रोज ४०० एकक ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब देण्याची शिफारस भारतातले बालरोगतज्ज्ञ करतात. ब्रिटन किंवा कॅनडासारख्या उत्तरेकडच्या देशांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी तर या बाबतीत उन्हावर विसंबूच नये.

कॅल्शियमसाठी नाचणीचे नाव घेतले जाते ते योग्यच आहे, कारण १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे इतर धान्यांच्या कितीतरी पट. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ५५० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. नाचणीची एक भाकरी त्यातले १४० मिलिग्रॅम ताटात आणते. पण ताटात येणे आणि रक्तात जाणे यांत फरक आहे. धान्याच्या कोंड्यात फायटेट नावाचे संयुग असते आणि ते कॅल्शियम, लोह व जस्त यांना बांधून ठेवते. पालकातले कॅल्शियम तर ऑक्झलेट या संयुगामुळे सुमारे पाच टक्केच शोषले जाते, दुधातले तीस टक्क्यांच्या आसपास.

इथे जुन्या स्वयंपाकघरातल्या पद्धती फार उपयोगी पडतात. धान्य किंवा कडधान्य भिजवले आणि त्याला मोड आणले, की बियाण्यातलेच फायटेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, जागे होते आणि फायटेटचा काही भाग मोडून काढते. पीठ आंबवले तरी तेच घडते. आंबील, आंबोळी, इडली आणि मोडाच्या उसळी या सगळ्यांमागे हेच रसायन आहे. मोड आल्याने कडधान्यातल्या वायू करणाऱ्या शर्कराही कमी होतात, आणि मटकी भिजवलेले पाणी ओतून देण्याची रीत त्याला हातभार लावते. उसळीवर लिंबू पिळले, की ‘क’ जीवनसत्त्वामुळे तिच्यातले लोह अधिक शोषले जाते. त्याच जेवणासोबत मुलाला चहा दिला, तर चहातले टॅनिन हा फायदा पुसून टाकते.

नाचणीचे सत्त्व हे या सगळ्याचे उत्तम उदाहरण आहे. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, सावलीत वाळवायची, हलकी भाजून दळायची आणि पीठ वस्त्रगाळ करायचे, या खटाटोपाचा एक फायदा फारसा सांगितला जात नाही. मोड येताना धान्यात अमायलेज हे विकर तयार होते आणि ते पिष्टमय पदार्थ तोडते. त्यामुळे भाजणी हलकी ठेवली असेल तर सत्त्वाची लापशी जास्त पीठ घालूनही पातळ राहते. साध्या पिठाची लापशी घट्ट होते आणि बाळाचे चिमुकले पोट थोड्याच घासांत भरते; सत्त्वाच्या लापशीतून त्याच मापात अधिक ऊर्जा जाते. वर चमचाभर तूप घालण्याच्या रीतीचा हेतूही तोच. कोकण आणि गोव्यात जवळा, सुकट किंवा लहान मांदेली काट्याकवचासकट खाल्ल्याने कॅल्शियम मिळते, पण मुलाला देताना ते नीट कुटून किंवा कुरकुरीत करून द्यावे.

गूळ, मध आणि इतर गैरसमज

‘आम्ही साखर देत नाही, गूळ देतो’ हे वाक्य दंतवैद्यांना रोज ऐकावे लागत असावे. गुळात काही क्षार असतात हे खरे, पण त्याचा बहुतांश भाग साखरच असतो आणि तोंडातले जिवाणू या दोघांत भेद करत नाहीत. चिक्की, राजगिऱ्याची वडी, खजूर, मनुका आणि आवळ्याची कँडी हे पदार्थ दाढांच्या खाचांत चिकटून राहतात, म्हणून ते मधल्या वेळी येता-जाता न देता जेवणात द्यावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले, की वरून घातलेली साखर, मध आणि फळांचा रस यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी असावी, आणि पाच टक्क्यांखाली असेल तर अधिक बरे. पाच वर्षांच्या मुलासाठी दहा टक्के म्हणजे सुमारे ३४ ग्रॅम, आणि रसाच्या पेयाचे एक छोटे खोके त्यातले वीस-पंचवीस ग्रॅम एकटेच संपवू शकते. अख्खे फळ चावून खाल्ले तर ही चिंता नाही. दोन वर्षांपर्यंत मुलाच्या खाण्यात साखर, गूळ काहीच वरून घालू नये. गोडाची सवय तिथे लागते.

बाळाला मध चाटवण्याची प्रथा वर्षाच्या आत पूर्णपणे टाळावी, कारण मधातल्या विशिष्ट जिवाणूच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम हा घातक आजार होऊ शकतो. दुधाची बाटली तोंडात ठेवून बाळाला झोपवणे हेही तितकेच टाळण्यासारखे आहे. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहते, आणि दुधाच्या दातांचे इनॅमल कायमच्या दातांच्या निम्म्याच जाडीचे असल्यामुळे वर्ष-दोन वर्षांत ते दात काळे पडून तुटतात. ‘पडणारच आहेत’ म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष केले, तर मूल दुखण्यामुळे चावून खाणे सोडते, मऊ आणि गोड पदार्थांकडे वळते, आणि पोटाची तक्रार तिथूनच सुरू होते.

दात घासण्याच्या साऱ्याच जुन्या सवयी काही चांगल्या नव्हत्या. राखुंडी आणि कोळसा इनॅमल घासून काढतात, आणि मिश्री तर भाजलेली तंबाखू आहे. घरातल्या मोठ्या माणसांनीही ती मुलांसमोर लावू नये. पहिला दात आल्यापासून फ्लोराइड असलेली पेस्ट वापरावी, तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी, आणि ब्रश मोठ्यांनी हातात धरावा. फ्लोराइडमुळे इनॅमल अधिक आम्ल सोसू शकते, आणि किडीच्या सुरुवातीचे पांढरे डाग भरून यायला आहाराइतकीच त्याचीही मदत होते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या काही गावांत मात्र विहिरी आणि कूपनलिकांच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोत नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते. त्याहून जास्त असेल तर दोन्ही बाजूंच्या दातांवर सारखेच पांढरट किंवा तपकिरी पट्टे येतात. अशा गावात प्रथम पाणी तपासून घ्यावे आणि पेस्टबद्दल दंतवैद्याचा सल्ला घ्यावा.

दंतवैद्याकडे पहिली फेरी मुलाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत व्हावी, आणि सहाव्या वर्षी सर्वांत मागे कोणताही दात न पडता उगवणारी दाढ कायमची आहे हे लक्षात ठेवून तिच्याकडे वेगळे लक्ष द्यावे. पुष्कळ पालक तिला दुधाची दाढ समजतात आणि ती किडेपर्यंत कळत नाही. पोटाच्या बाबतीत शीतून रक्त जाणे, वजन न वाढणे, पोट फुगणे, हिरवी उलटी किंवा जन्मापासूनची बद्धकोष्ठता असेल तर आहाराचे प्रयोग न करता डॉक्टरांना दाखवावे. गव्हाचा त्रास आहे असा संशय असेल, तर तपासणीआधीच गहू बंद करून मुलाला ज्वारी-नाचणीवर नेऊ नये, कारण सिलिअ‍ॅक रोगाची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या आतड्याच्या विकाराची, रक्ततपासणी मूल गहू खात असतानाच विश्वासार्ह ठरते.